तंबूची निवड

तंबू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम इतिहासातील छावण्या उभ्या राहतात. अफजलखानाच्या भेटीसाठी १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी उभारलेला शामियाना, मोगल बादशहांचे डेरे, त्यांभोवतीच्या कनाती यांची वर्णने आपण वाचलेली असतात. हे तंबू वैभव दाखविण्यासाठी होते. ते वाहून नेण्यास हत्ती व उंट होते आणि ते ठोकण्यास फरास होते. मोगल बादशहाच्या छावणीचे तर दोन संच असत. एकात बादशहाचा मुक्काम असे, त्या वेळी दुसरा पुढच्या तळावर उभा राहत असे. एखादे कुटुंब सुट्टीत दोन रात्री तलावाकाठी राहावयास जाते, तेव्हा त्याच्याजवळ तंबू एकच असतो. तो रात्री गळू लागला किंवा वाऱ्याने पडला, तर दुसरीकडे जाण्यास जागा नसते. म्हणून त्याची निवड बादशहाच्या डेऱ्याहूनही अधिक विचाराने करावी लागते.

तंबू निवडण्याचे ज्ञान ज्यांचा संसारच तंबूत चालतो त्यांच्याजवळ असते. अरबस्तानातील बेदुईन लोक शेळीच्या काळ्या केसांचे विरळ विणीचे कापड वापरतात. त्यातून वारा खेळतो आणि उन्हात दाट सावली पडते. क्वचित पाऊस आलाच, तर केसांचे धागे फुगून कापडाची छिद्रे बुजतात. मंगोलियातील पशुपालकांचे ‘गेर’ नावाचे घर गोल असते. लाकडी सांगाड्यावर दाबलेल्या लोकरीचे जाड थर घालून ते उभारतात, कारण तेथे कडाक्याची थंडी व मोकळ्या मैदानावरचा वारा यांच्याशी गाठ असते. आपल्याकडील मेंढपाळ धनगरांचे पाल याहून अगदी साधे असते. ते घोड्याच्या पाठीवर मावले पाहिजे आणि रोज उठून दुसऱ्या शेतात ठोकता आले पाहिजे. गेर मंगोलियात उत्तम आहे. पण तो धनगराच्या घोड्यावर लादला, तर घोडा चार पावलेही टाकणार नाही. कोण राहणार, कोठे राहणार, कोणत्या ऋतूत राहणार आणि ओझे कोण वाहणार, हे आधी ठरल्याशिवाय अमुक तंबू चांगला असे म्हणता येत नाही.

आता एक कुटुंब कल्पून पाहू. आई, वडील, आजी, बारा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे डिसेंबरात अकोले तालुक्यातील भंडारदऱ्यास दोन रात्री राहणार आहेत. तेथे प्रवरा नदीवरील धरणाचा मोठा जलाशय आहे आणि राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई जवळच आहे. डिसेंबरात पाऊस बहुधा नसतो. मात्र पहाटे गारठा पडतो, दव पडते आणि उघड्या माळावर वारा असतो. ही मंडळी मोटारीने तळापर्यंत जाणार आहेत, म्हणून त्यांना वजनाची फारशी चिंता नाही. हेच कुटुंब पाठीवर सामान घेऊन हरिश्चंद्रगड चढणार असते, तर निवड निराळी झाली असती.

दुकानात तंबूवर ‘चौघांचा’, ‘सहाजणांचा’ असे लिहिलेले असते. हा आकडा पुष्कळांना फसवितो. एका माणसास आडवे होण्यास सुमारे ६० सेंटिमीटर रुंदीची पट्टी धरून तो काढलेला असतो. म्हणजे चौघांच्या तंबूत चार माणसे खांद्याला खांदा लावून निजू शकतात. पण पिशव्या, पांघरुणे, पाण्याची भांडी यांस जागा उरत नाही आणि रात्री एकास बाहेर जावयाचे झाले की सर्वांना उठावे लागते. लिहिलेल्या आकड्यातून दोन वजा करून उरेल ती संख्या खरी मानावी, असे मला वाटते. आपल्या पाचजणांना सहांचा तंबू अपुरा पडेल, आठांचा सोयीचा होईल. त्याहून मोठा घेण्याचा मोह नको. मोठ्या तंबूला सपाट जागा अधिक लागते, वारा अधिक झोंबतो आणि आतली हवा रात्रभर गारच राहते. रुंदीइतकाच उंचीचाही विचार हवा. मुलांना रांगत आत शिरण्यात मौज वाटते; आजींचे गुडघे ती मौज सोसणार नाहीत. मधोमध माणूस ताठ उभा राहील आणि दारातून थोडेसेच वाकून जाता येईल, असा तंबू त्यांच्यासाठी हवा.

आकाराचा संबंध वाऱ्याशी आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. उभ्या सपाट भिंतीचा तंबू दिसावयास घरासारखा व आत ऐसपैस असतो, पण वारा त्या भिंतीवर सरळ आदळतो. जुनी दुपाखी राहुटी दोन खांब व एक आडवी दांडी यांवर उभी राहते. तिची अरुंद बाजू वाऱ्याकडे केली, तर ती चांगला टिकाव धरते. अलीकडे घुमटाकृती तंबू अधिक प्रचारात आहेत. त्यांच्या लवचिक कांबी एकमेकींना छेदून कमानीसारख्या वाकविलेल्या असतात, त्यामुळे वारा त्यांवरून घसरून जातो. शिवाय हा तंबू मेखांवाचूनही आपल्या आकारात उभा राहतो. सह्याद्रीत हा गुण फार मोलाचा आहे. तेथे वीतभर मातीखाली काळा कातळ लागतो आणि मेख वाकते, पण आत जात नाही. मात्र उभा राहणे आणि टिकून राहणे यांत अंतर आहे. रिकामा घुमट वाऱ्याच्या एका झोताने पतंगासारखा उडून जलाशयात पडू शकतो. म्हणून कातळावर त्याचे तणावे मोठ्या दगडांना बांधावेत.

मातीप्रमाणे बांधण्याची रीत बदलते. मुरुमात मेख घट्ट बसते. ती ठोकताना तिचे डोके तंबूपासून दूर कललेले ठेवावे, म्हणजे तणाव्याच्या ओढीने ती उपटली जात नाही. काळ्या जमिनीत कोरड्या दिवसांत मेख पक्की वाटते. पाऊस पडला की तीच जमीन लोण्यासारखी होते. कोकणातील पुळणीवर मेखेचा उपयोगच नाही. तेथे वाळूने भरलेली पिशवी तणाव्याच्या टोकास बांधून ती हातभर खोल पुरतात. दोरीचाही स्वभाव जाणून घ्यावा. सुती किंवा अंबाडीची दोरी भिजली की आखडते. म्हणून अशा दोऱ्यांचे तणावे रात्री थोडे सैल करून ठेवण्याची जुनी चाल आहे. नायलॉनचे त्याच्या उलट असते. ते भिजले की सैलावते आणि तणावे पुन्हा ओढावे लागतात.

यानंतर कापड. जाड सुती कॅनव्हासचा तंबू भारी असतो, पण त्याचे गुणही थोर आहेत. त्यातून हवा खेळते, उन्हात तो कमी तापतो आणि पावसात त्याचे धागे फुगून एकमेकांना बिलगतात. असा तंबू नवा असताना एकदा भिजवून वाळवावा लागतो. भर पावसात त्याच्या छताला आतून बोट लावू नये. बोट लागले की त्या जागी पाण्याचा ताण मोडतो आणि थेंब ठिबकू लागतो. वजन वाहण्याची सोय असेल तेथे हे कापड चालते. आळंदीहून पंढरपुरास निघणाऱ्या पालखीबरोबर दिंड्यांच्या जाड कापडाच्या राहुट्या ट्रकांतून पुढे जातात आणि वारकरी तळावर पोहोचण्यापूर्वी त्या ठोकून तयार असतात.

नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा तंबू वजनास हलका असतो आणि लवकर वाळतो. त्यावर पाणी न शिरणारा लेप दिलेला असतो. लेपाचा पक्केपणा मोजण्याची रीत सोपी आहे. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा स्तंभ उभा करून त्याची उंची वाढवीत नेतात आणि कापडातून थेंब पाझरू लागतील त्या उंचीचे मिलिमीटर तंबूवर छापतात. वरच्या कापडाचा हा आकडा निदान १,५०० असावा. तळाचा ३,००० किंवा अधिक हवा, कारण आपण गुडघा टेकतो तेव्हा तेवढ्याच लहान जागेवर सगळा भार पडतो आणि ओल्या जमिनीतील पाणी वर दाबले जाते.

पण पाणी बाहेरूनच येते असे नाही. झोपलेला माणूस श्वासावाटे व कातडीवाटे एका रात्रीत सुमारे पाव लिटर पाणी हवेत सोडतो. आपल्या पाच माणसांचे मिळून ते लिटरभर होईल. ती वाफ पहाटेच्या गार कापडाला लागून तिचे थेंब होतात आणि तंबू गळतो असा ओरडा होतो. यावर दुहेरी तंबू हा चांगला उपाय आहे. आतले कापड विरळ असते. वाफ त्यातून निघून बाहेरच्या कापडाला लागते व थेंब तेथूनच खाली ओघळतात. दोन कापडांत चार बोटांचे तरी अंतर हवे आणि वरचे झरोके थंडी वाजली तरी उघडेच राहिले पाहिजेत.

झरोके उघडे ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, पण ते सांगण्यापूर्वी एक सक्त नियम सांगितला पाहिजे. तंबूत शेगडी, स्टोव्ह किंवा निखाऱ्यांचे घमेले कधीही नेऊ नये, झरोके उघडे असले तरीही. थंडीच्या रात्री आजींना ऊब मिळावी म्हणून कोणीतरी प्रेमाने निखारे आत आणून ठेवतो. निखारे विझल्यासारखे दिसले तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूहून दोनशे पटींपेक्षाही अधिक बळाने चिकटतो. मग शरीरास प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसास गुदमरल्याची जाणीवही होत नाही आणि तो झोपेतच दगावतो. घरातील कोणी मोठे माणूस असे करू लागले, तर बारा वर्षांच्या मुलीनेही त्यास अडवावे; हा उद्धटपणा ठरत नाही. ऊब हवी असेल तर अंगाखाली जाड सतरंजी किंवा घोंगडी घालावी, कारण रात्री अंगातली ऊब हवेपेक्षा जमीनच अधिक शोषून घेते. चूल बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगास पेटवावी. नायलॉनला ठिणगी लागली की ते वितळून अंगाला चिकटते.

तळ भिंतींना शिवलेला आहे की नाही, हेही दुकानातच पाहून घ्यावे. तो हातभर नाही तरी वीतभर वर चढवून, परातीसारखा शिवलेला असावा आणि दाराला बारीक जाळी व पूर्ण बंद होणारी चेन असावी. फुरसे, घोणस, विंचू हे आपल्या डोंगरांचे जुने रहिवासी आहेत. दार उघडे टाकलेल्या तंबूत त्यांना मज्जाव नसतो. बाहेर काढलेले बूट सकाळी झटकल्यावाचून पायांत घालू नयेत.

तंबू कितीही चांगला असला तरी तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात ठोकला तर व्यर्थ होय. वरच्या डोंगरात पडलेला पाऊस खाली आभाळ निरभ्र असतानाही लोंढा होऊन येतो. धरणाच्या काठी पाण्याची पातळी बदलते, म्हणून पाण्यापासून बरेच वर राहावे. एकट्या उंच झाडाखाली विजेचे भय आणि खोलगट जागेत गारठा व पाणी साचण्याचे. किंचित उंच, सपाट व पूर्वेस झाडी असलेली जागा मिळाली, तर सकाळचे ऊन तंबूवर उशिरा येते आणि मुले थोडी अधिक झोपतात.

नवा तंबू प्रथम घराच्या अंगणात किंवा गच्चीवर उभारून पाहावा. कोणती कांब कोठे जाते हे अंधारात, चार वर्षांचा मुलगा रडत असताना शिकणे कठीण असते. त्याच वेळी सर्वांनी आत आडवे होऊन पाहावे, आजींनीसुद्धा. परत निघताना तंबू दवाने ओला असेल तर तसाच गुंडाळावा लागतो. मग घरी पोहोचताच त्याच दिवशी तो गच्चीवर पसरून पूर्ण वाळवावा. ओल्या कॅनव्हासला बुरशी धरते व कापड कुजते, तर नायलॉनचा लेप चिकट होऊन सुटू लागतो. तळ सोडण्यापूर्वी मेखा मोजून घ्याव्यात. गवतात एखादी हमखास राहते आणि मागून येणाऱ्या गुराच्या खुरात रुतते.