छोट्या रेल्वेमागे बेंगळुरूची संध्याकाळ

मॉडेल रेल्वेच्या मागे लावायचा शहराचा पडदा, अनेक फोटो जोडून, असा करा.

● जागा : लालबागेतला खडक. वय सुमारे ३०० कोटी वर्षे. माथ्यावर केंपेगौडांचा बुरूज.

● वेळ : सूर्यास्त जुलैत ६.५०च्या, नोव्हेंबरअखेर ५.५०च्या सुमारास. तांबूस आकाश आणि इमारतींतले दिवे एकत्र हवे असतील तर सूर्यास्तानंतर १५-२० मिनिटे थांबा. बाग सातला बंद होते, म्हणून हिवाळा उत्तम.

● फोटो : ट्रायपॉड लावा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा. शेजारच्या फोटोंत एक-तृतीयांश भाग सामाईक असला, की जोड दिसत नाही.

● प्रिंट : मॅट कागदच घ्या, चकचकीत कागदावर दिव्यांची तिरीप पडते. क्षितिज बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवे.

● प्रमाण : एचओ मापाची मॉडेल रेल्वे १:८७. पडद्यावरच्या इमारती पुढच्या मॉडेलांपेक्षा लहानच ठेवा, तरच शहर दूर भासते.

● जरूर पाहा : कोथरूड, पुणे येथील भाऊ जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय (१९९८).