सांध्यांच्या दाहाला चरबीचे इंधन
अंबड (नाशिक) - यंत्रावर आठ तास उभे राहणाऱ्या कामगाराचे पोट त्याच्या हातापायांवर असते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालविणारा असो की जुळणी विभागात स्क्रू आवळणारा, सकाळी बोटे आखडली किंवा टाच टेकवेनाशी झाली, की खाडा ठरलेलाच. अशा दुखण्याला 'वात' म्हणून तेल चोळले जाते, वेदनाशामक गोळी घेऊन पाळी भरली जाते. मात्र कोपर, गुडघे किंवा डोक्यावर सोरायसिसच्या खपल्या असतील, तर हे दुखणे 'सोरायटिक आर्थ्रायटिस' असू शकते. या विकाराचा एक धागा थेट पोटाच्या घेरापर्यंत पोचतो.

सोरायसिस संसर्गजन्य नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने तो होतो. साधारण पाच रुग्णांमागे एकाला पुढे सांध्यांचा विकार जडतो. बहुतेकांत त्वचेचा त्रास आधी आणि सांध्यांचा काही वर्षांनी सुरू होतो. संपूर्ण बोट सुजणे, टाचेत कळ येणे, नखांवर बारीक खड्डे पडणे ही त्याची लक्षणे होत. संधिवातासाठी केली जाणारी 'आरए फॅक्टर' ही रक्तचाचणी यात बहुधा निर्दोष येते. त्यामुळे रुग्ण निर्धास्त होतो आणि निदान लांबते.

<b>चरबी म्हणजे केवळ कोठार नव्हे</b>

जादा ऊर्जेचे कोठार एवढीच चरबीची ओळख दीर्घकाळ होती. १९९३ मध्ये लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत 'टीएनएफ' हा दाह वाढविणारा पदार्थ आढळला. पाठोपाठ १९९४ मध्ये अमेरिकेतील जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने 'लेप्टिन' या संप्रेरकाचे जनुक शोधले. चरबी हीदेखील एक ग्रंथीच आहे, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले.

लेप्टिन मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते. पण चरबीबरोबर तेही वाढते आणि रोगप्रतिकारक पेशींना चिथावते. याउलट 'अॅडिपोनेक्टिन' हे संप्रेरक बहुतांशी दाह शमविणारे. चरबी वाढली, की नेमके तेच घटते. फुगलेल्या मेदपेशींभोवती भक्षक पेशी जमतात आणि टीएनएफ व इंटरल्युकिन-६ सोडत राहतात. ज्या टीएनएफला रोखण्यासाठी सांध्यांच्या रुग्णाला महागडी इंजेक्शने घ्यावी लागतात, त्यात पोटावरची चरबी अशी भर घालत असते. केवळ चरबीमुळे हा विकार होत नाही, त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. मात्र वजनाबरोबर त्याचा धोका वाढतो, असे अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत दिसून आले आहे.

<b>सडपातळ, तरीही मेदस्वी</b>

'मी कुठे लठ्ठ आहे?' असे म्हणून सुटका होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांनी वजनकाट्याबरोबर कमरेलाही टेप लावावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची सूचना मानली जाते.

<b>पाच टक्क्यांचा फरक</b>

दिलासा देणारी बाब म्हणजे ही चरबी उतरविता येते. टीएनएफरोधक औषधे सुरू केलेल्या जादा वजनाच्या रुग्णांचा इटलीत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत किमान पाच टक्के वजन घटविलेल्यांमध्ये आजार आटोक्यात येण्याचे प्रमाण अधिक होते. ८० किलो वजनाच्या माणसासाठी हे पाच टक्के म्हणजे अवघे चार किलो.

मात्र आहारनियमन हा औषधाला पर्याय नव्हे. निदानाला सहा महिन्यांचा विलंब झाला, तरी हाडांची झीज होण्याचा धोका वाढतो आणि झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. सोरायसिस असलेल्याची बोटे सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील, तर त्याने संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. कामगार विमा योजनेतील रुग्णांनी विमा दवाखान्यातून तज्ज्ञांकडे जाण्यासाठी चिठ्ठी मागावी. त्या वेळी डॉक्टरांना त्वचेवरचे चट्टे आवर्जून दाखवावेत. बोटांच्या दुखण्याचा उलगडा अनेकदा तिथेच होतो.