एक फाइल, दोन नावं

संगणकाच्या पोटात : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण आयनोडपर्यंत पोहोचलो. फाइलीचा आकार, मालक, परवानग्या, तारखा आणि मजकूर डिस्कवर कुठे ठेवलाय त्याचे पत्ते, असा सगळा तपशील आयनोडमध्ये असतो. नसतं ते फक्त फाइलीचं नाव. ते राहतं डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी म्हणजे नाव व आयनोड क्रमांक यांच्या जोड्यांची यादी. मग एकाच क्रमांकासमोर दोन नावं लिहिली तर? काही बिघडत नाही. यालाच हार्ड लिंक म्हणतात, आणि ती करून देतो ‘लिंक’ नावाचा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेली मागणी.

माहेरची सुमन सासरी सुनंदा झाली, तरी बाई एकच. हार्ड लिंकचंही तसंच. त्यात अमुक नाव मूळ आणि तमुक नक्कल, असा भेद कर्नलला माहीतच नसतो. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची गोष्ट वेगळी. तो नुसता पत्ता सांगतो. फाइल हलवली की शॉर्टकट लटकू शकतो.

‘लिंक’ हा कॉल जवळजवळ युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमइतकाच जुना. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं. त्यात ‘लिंक’ आहे आणि त्याचा जोडीदार ‘अनलिंक’ही. फाइलीचं नाव बदलायला तेव्हा वेगळा कॉल नव्हता. नवं नाव जोडायचं, जुनं काढायचं, की झालं नामांतर. मधेच वीज गेली तरी फार तर दोन्ही नावं शिल्लक राहणार, मजकूर सुरक्षित. अडचण यायची ती नव्या नावाची फाइल आधीच असली तर. ‘लिंक’ असलेल्या नावावर दुसरं नाव चढवत नाही, म्हणून आधी ती जुनी फाइल काढावी लागे, आणि क्षणभर त्या नावाचं काहीच उरत नसे. ही फट ‘रिनेम’ या स्वतंत्र कॉलने बुजवली, १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये.

लिनक्सवर करून बघा. ‘हिशेब’ नावाची फाइल तयार करा आणि टर्मिनलमध्ये ‘एलएन हिशेब खर्च’ ही आज्ञा द्या, अर्थात ‘एलएन’ रोमन अक्षरांत. मग ‘एलएस’ला ‘आय’ आणि ‘एल’ हे पर्याय जोडून यादी मागवा. दोन्ही ओळींच्या सुरुवातीला आयनोड क्रमांक तोच दिसेल, आणि परवानग्यांच्या पुढे २ हा आकडा. हा लिंक काउंट, म्हणजे या आयनोडला किती नावं आहेत त्याची मोजदाद. आता ‘खर्च’मध्ये एक ओळ वाढवा, ती ‘हिशेब’मध्येही दिसेल. परवानगी एका नावावरून बदला, दुसऱ्यावरही बदललेली असेल.

एवढ्यात कर्नलने काय केलं? जुन्या नावावरून आयनोड शोधला, नव्या नावाच्या डिरेक्टरीत लिहायची परवानगी तपासली, यादीत एक नोंद वाढवली आणि काउंट एकाने चढवला. मजकुराला हातही लावला नाही. म्हणून फाइल ४० जीबीची असली तरी हे काम चुटकीसरशी होतं.

काही ठिकाणी मात्र कर्नल साफ नकार देतो. आयनोड क्रमांकाला अर्थ असतो तो त्याच फाइल सिस्टिमपुरता, त्यामुळे दुसऱ्या पार्टिशनवर किंवा पेनड्राइव्हवर हार्ड लिंक होत नाही. डिरेक्टरीलाही लिनक्स हार्ड लिंक करू देत नाही, कारण एखादी डिरेक्टरी आपल्याच पोटात शिरली तर डिरेक्टऱ्यांच्या झाडाचा गोल होईल आणि ते पालथं घालणारे प्रोग्राम फिरतच राहतील. तिसरं बंधन सुरक्षेचं. सिस्टिमच्या एखाद्या सदोष प्रोग्रामला कुणी गुपचूप दुसरं नाव देऊन ठेवलं, तर अपडेटनंतरही जुना प्रोग्राम त्या नावाने जिवंत राहतो. म्हणून २०१२ च्या लिनक्स ३.६ मध्ये परक्याच्या फाइलींना लिंक करण्यावर आळा घालणारी सेटिंग आली.

आता पुसण्याकडे वळू. ‘अनलिंक’ फाइल पुसत नाही, एक नाव काढतो आणि काउंट उतरवतो. काउंट शून्यावर आला आणि कुठल्याही प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली नसली, तरच डिस्कवरची जागा मोकळी होते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. डिस्क भरली म्हणून भलीमोठी लॉग फाइल उडवावी, तर जागा तेवढीच भरलेली. लिहिणारा प्रोग्राम अजून चालूच असतो. तो रीस्टार्ट केला की जागा सुटते.

याच हिशेबावर आरसिंक या प्रोग्रामने रोजचं बॅकअप स्वस्तात होतं. न बदललेल्या फाइलींना कालच्या बॅकअपमधल्या आयनोडचंच आणखी एक नाव द्यायचं, आणि बदललेल्या तेवढ्या नव्याने उतरवायच्या. प्रत्येक दिवसाचं फोल्डर पूर्ण दिसतं, जागा मात्र फरकापुरतीच जाते.

पण यावरून हार्ड लिंकलाच बॅकअप समजू नका. नावं दहा असली तरी मजकूर एकच. तो बिघडला की दहाही नावांनी बिघडलेलाच मिळणार. महत्त्वाच्या फाइलीची खरी प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.