लिव्हर हलतो, गिअर पडत नाही

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘गिअर लिव्हर पायाखाली लुळा हलतो. दुसरा गिअर कधी पडतो, कधी नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?’ इतक्यात नको. आधी बाहेरचं लिंकेज बघा.

फूटरेस्ट मागे असलेल्या गाड्यांत लिव्हर सहसा थेट गिअर शाफ्टवर बसत नाही. मध्ये एक रॉड असतो, त्याच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट आणि शाफ्टच्या दात्यांवर आवळलेला आखूड आर्म. लिव्हरचा स्वतःचा बुश धरला तर झिजायच्या जागा चार. चारही ठिकाणची झीज सारखी महाग पडत नाही, आणि गंमत इथेच आहे. समजा, लिव्हरची लांबी 120 मिमी आणि रॉडच्या दोन्ही बाजूंचे आर्म 30 मिमी. बॉल जॉइंटमध्ये 0.2 मिमी फट पडली तर पायाखाली ती चौपट होते, म्हणजे 0.8 मिमी. बुटाला पत्ताही लागत नाही. पण शाफ्ट 12 मिमी जाडीचा असेल, तर त्याचे दाते मध्यापासून जेमतेम 6 मिमीवर. तिथली तेवढीच फट पायाखाली 4 मिमी होऊन येते!

म्हणून पहिला संशयित आर्मचा बोल्ट. तो किंचित सैल झाला की प्रत्येक गिअरला दाते एकमेकांवर केसभर घासतात. त्या घासण्यातून तांबूस भुकटी निघते, ती लोखंडाचा ऑक्साइड. हीच भुकटी मग उरलेले दाते खाते. आर्मच्या मुळाशी असा तांबूस थर दिसला, तर निदान तिथेच संपलं.

एवढा खेळ असूनही गाडी चालते कशी? याचं श्रेय हॅरोल्ड विलिस या इंग्रज इंजिनिअरचं. बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कंपनीत तो होता आणि स्वतः शर्यतींतही उतरायचा. त्या काळी बहुतेक गाड्यांचा गिअर टाकीशेजारच्या दांड्याने, हाताने टाकत. दांडा कुठे आहे त्यावर गिअर ठरे, त्यामुळे सांध्यात ढिलाई आली की सगळाच घोळ. 1928 च्या सुमारास विलिसने पायाच्या लिव्हरला रॅचेट जोडलं: एका दाबाला एकच गिअर आणि लिव्हर परत मधल्या जागी. खटक्याच्या बॉलपेनचं बटण सैल असलं तरी रिफिल पुरती बाहेर येते, तसंच हे. ढिलाईने फक्त थोडी चाल वाया जाते. आज गिअरच्या जवळपास प्रत्येक मोटरसायकलमध्ये हीच युक्ती आहे, पण विलिसचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

वाया जाणाऱ्या चालीलाही मर्यादा असते. ती ओलांडली की रॅचेट पूर्ण फिरत नाही, गिअर अर्धवट अडकतो, सटकतो आणि आतल्या डॉगच्या, म्हणजे गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या खुंट्यांच्या, कडा गोल होऊ लागतात. इंजिन खोलायचा खर्च तेव्हा खरा होतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने लिव्हर हळू वरखाली करावा, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवावं. एक बाजू हलते आणि दुसरी थबकते, तिथे दोष. आर्मचा बोल्ट आवळल्यावर आर्मची खाच थोडी उघडी राहिली पाहिजे. तिचे ओठ टेकले असतील तर कितीही आवळा, पकड येणार नाही, आर्म बदला. बुश स्वच्छ करून ग्रीस लावा. पण लिव्हर घट्टही करू नका, तो आपोआप मधल्या जागी परतला नाही तर पुढचा गिअर पडणार नाही. रॉड फिरवून लिव्हरची उंची बदलते, ढिलाई जात नाही. आणि चकचकीत सीएनसी लिंकेजच्या जाहिराती? शाफ्टचेच दाते गेले असतील, तर त्या किटचा काडीचा उपयोग नाही.

‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका. उष्णतेने मागचं ऑइल सील जळू शकतं, आणि पुढे तिथलं कव्हर काढायची वेळ आली की आर्म कापावाच लागतो.