बहुखेळाडू युद्धखेळांतील गट आणि राजनय : वऱ्हाडच्या दुअमलाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

इतिहास वा राज्यशास्त्र हा विषय घेऊन पदवी वर्गात येणारा विद्यार्थी अठराव्या शतकाची पहिली ओळख पाठ्यपुस्तकातूनच करून घेतो, असे आता ठामपणे म्हणता येत नाही. संगणकावरील युद्धखेळांनी हे काम बऱ्याच अंशी आपल्याकडे घेतले आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात खेळाडूला निवडता येणाऱ्या सत्तांमध्ये मराठा राज्यमंडळाचा समावेश आहे. २०१३ मधील 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' या खेळात अनेक खेळाडू एकाच जगाच्या नकाशावर आपापली राज्ये चालवितात, तह करतात आणि मोडतात. या खेळांकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे प्राध्यापकवर्गाला परवडणारे नाही. कारण सत्ता म्हणजे काय, प्रदेश म्हणजे काय आणि मैत्री कशाला म्हणावे याविषयीच्या विद्यार्थ्यांच्या कल्पना तेथे घडत असतात.

प्रस्तुत लेखात अशा खेळांतील गटांची व राजनयाची रचना समजावून घेण्याचा आणि ती वऱ्हाडच्या अठराव्या शतकातील इतिहासास कितपत लागू पडते हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. दिग्रस, दारव्हा, पुसद हा आपला परिसर ज्या वऱ्हाडात मोडतो, तो या तपासणीसाठी विशेष उपयुक्त आहे. खेळाच्या पटाचे जे मूलभूत गृहीतक, तेच येथे टिकत नाही.

खेळाची रचना :

युद्धाचा खेळ आपल्याकडे नवीन नाही. चतुरंगाचा चौघांनी फाशांसह खेळावयाचा एक प्रकार अकराव्या शतकात अल्बेरुनीने नोंदविला आहे. पटावरील राजनयाचे आजचे स्वरूप मात्र ॲलन कॅल्हॅमर या अमेरिकन गृहस्थाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डिप्लोमसी' या खेळाने निश्चित केले. १९०१ च्या युरोपच्या नकाशावर सात सत्ता असतात. ३४ रसदकेंद्रांपैकी १८ केंद्रे जो मिळवील तो विजयी. फाशांचा उपयोग मुळीच नाही. प्रत्येक फेरीपूर्वी खेळाडू आपसात बोलतात, वचने देतात. नंतर प्रत्येक जण आपले हुकूम गुप्तपणे कागदावर लिहितो आणि सर्वांचे हुकूम एकाच वेळी उघडले जातात. दिलेले वचन कोणालाही बंधनकारक नसते. सर्व सत्ता जवळपास समबल असल्याने एकट्याच्या बळावर फारसे पुढे जाता येत नाही. बऱ्याच वेळा दुसऱ्याच्या सैन्याचा 'पाठिंबा' मिळाला तरच शेजारचा प्रांत जिंकता येतो. म्हणजेच, ज्याला फसवावयाचे त्याचीच आज गरज आहे, ही अडचण प्रत्येक खेळाडूपुढे सतत उभी असते.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात सांगितलेल्या षाड्गुण्याशी, म्हणजे संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव यांच्याशी, हा खेळ फार जवळचा आहे. त्यातील द्वैधीभाव, म्हणजे एकाशी संधी आणि दुसऱ्याशी विग्रह, हा तर त्याचा प्राणच होय.

तथापि अशा बहुतेक सर्व खेळांत दोन गोष्टी न सांगता गृहीत धरलेल्या असतात. एका प्रांताला एका वेळी एकच धनी असतो आणि एका सत्तेला एकच मन असते. नकाशावर प्रांत एका रंगाने रंगतो आणि त्या रंगाचा हुकूम एकच हात लिहितो. 'एम्पायर' मध्ये मराठे ही एक सत्ता आहे. साताऱ्याहून निघालेला हुकूम सर्वत्र चालतो. वऱ्हाडचा अभ्यासक येथेच अडखळतो.

वऱ्हाडचा पट :

११ ऑक्टोबर १७२४ रोजी आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये त्याची सत्ता व्यवहारतः स्वतंत्र झाली. वऱ्हाड निजामाचा झाला. परंतु दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची व सरदेशमुखीची सनद छत्रपती शाहूंना १७१९ मध्येच मिळालेली होती आणि वऱ्हाड हा त्या सहांपैकी एक. म्हणजे महसुलाचा २५ टक्के भाग चौथाई म्हणून व त्याखेरीज १० टक्के सरदेशमुखी म्हणून मराठ्यांकडे जावयाची. वऱ्हाडात हा वसुलीचा अधिकार भोसल्यांकडे होता. एकाच परगण्यात निजामाचे अंमलदार आणि भोसल्यांचे कमाविसदार शेजारी शेजारी बसत. यालाच दुअमल म्हणतात. नकाशा रंगविणाऱ्याने येथे कोणता रंग द्यावा?

पटावरील सोंगटी एका घरात असते किंवा नसते. दुअमलातील सत्ता मात्र अंशात मोजावी लागे, आणि तो अंश प्रतिवर्षी वाटाघाटीचा विषय होई. अशा व्यवस्थेत युद्ध हे प्रदेश 'घेण्या'साठी क्वचितच होई. बहुधा ते वाटा वाढविण्यासाठी वा थकलेला वाटा वसूल करण्यासाठी होई. शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यातील वादाचा लाभ घेऊन, खरा हक्कदार कोण हे ठरेपर्यंत चौथाई देता येत नाही अशी भूमिका निजामाने घेतली, ती याच कारणाने. त्या भूमिकेचा शेवट २८ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेड येथे झालेल्या कोंडीत आणि मार्चमधील मुंगी-शेवगावच्या तहात झाला. या तहाने निजामाचा प्रदेश गेला नाही. शाहूंचा वाट्यावरील हक्क मान्य झाला एवढेच; पण त्या काळाच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता.

दुसरे गृहीतक एका मनाचे. त्याची कसोटी आपल्याच जिल्ह्यात पाहावयास मिळते. कान्होजी भोसले यांचे ठाणे यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे होते. त्यांच्याच घराण्यातील तरुण रघूजी त्यांच्याजवळ राहत. पुढे बेबनाव होऊन ते बाहेर पडले आणि काही काळ देवगडचा गोंड राजा चांद सुलतान याच्या पदरी राहिले. नंतर ते शाहूंच्या मर्जीत आले. इकडे कान्होजींवर अवज्ञेचा ठपका आला आणि त्यांना धरून आणण्याची कामगिरी रघूजींवर सोपविण्यात आली. १७३० च्या सुमारास वणीजवळील मंदर येथे कान्होजी पकडले गेले. सेनासाहेबसुभा हे पद रघूजींकडे आले. एका घराण्यातील दोन पुरुष, दोघेही शाहूंचे सेवक, आणि लढाई त्या दोघांतच. खेळाच्या भाषेत 'भोसले' या एका खेळाडूने स्वतःच्याच सोंगटीवर हल्ला केला असे म्हणावे लागेल. असा हुकूम कोणताही नियम मान्य करीत नाही.

रघूजींचे पुढील चरित्रही हेच दाखविते. बंगालवर त्यांच्या स्वाऱ्या सुरू असता १७४३ मध्ये पेशवा बाळाजी बाजीराव अलिवर्दीखानाच्या साहाय्यास गेला. अखेर शाहूंनी दोघांची कार्यक्षेत्रे वाटून दिली. पेशवा आणि भोसले यांना एकाच रंगात दाखविणाऱ्या नकाशावर १७४३ चे हे प्रकरण मांडताच येत नाही.

राक्षसभुवन आणि साडेतीन शहाणे :

राजनयाच्या दृष्टीने सर्वांत बोधक प्रसंग १७६३ चा. पानिपतानंतर पेशवाई दुबळी झाली असे जाणून निजामअलीने उचल खाल्ली व जानोजी भोसले यांना आपल्या बाजूस ओढले. दोघांच्या फौजांनी पुणे लुटले व जाळले. पुढे पेशव्यांनी ३२ लाखांच्या मुलुखाचे आश्वासन देऊन जानोजींना फोडले. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे, नदीच्या पुराने निजामाची फौज दोन काठांवर विभागली गेली असता, जानोजी बाजूला झाले आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला.

मराठी परंपरेने ज्यांना साडेतीन शहाणे म्हटले, त्यांपैकी तीन पूर्ण शहाणे या एका प्रसंगात तीन बाजूंना आहेत : पेशव्यांकडे सखारामबापू बोकील, भोसल्यांकडे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडे विठ्ठल सुंदर. (अर्धे शहाणे नाना फडणीस. ते मुत्सद्दी होते पण तलवारबहाद्दर नव्हते, म्हणून अर्धे, असे सांगितले जाते.) लोकस्मृतीने शहाणपणाची ही यादी करताना बाजू पाहिली नाही, याकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे. निजामाचा दिवाण आणि पेशव्यांचा कारभारी यांना तिने एकाच पंगतीस बसविले. राजनय हे एक कौशल्य आहे आणि ते कोणाच्याही पदरी राहून करता येते, ही जाण तीत आहे. आपल्या वर्गांत मात्र जानोजींच्या कृतीचे वर्णन 'फितुरी' या एका शब्दात संपते. डिप्लोमसी खेळलेला विद्यार्थी निदान एवढे तरी विचारतो की, त्या फेरीत जानोजींपुढे दुसरे कोणते हुकूम शक्य होते? हा प्रश्न खेळाची खरी देणगी आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खेळ ज्याचे उत्तर देऊ शकत नाही ते असे की, जानोजींनी मिळविलेला मुलूख त्यांच्याकडे राहिला नाही. १७६६ पर्यंत पेशवा आणि निजाम, तीन वर्षांपूर्वीचे शत्रू, एकत्र आले आणि त्यांनी त्या मुलुखाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जानोजींकडून परत काढला. पुढे २३ मार्च १७६९ च्या कनकापूरच्या तहाने जानोजींनी पेशव्यांच्या परवानगीवाचून फौज वाढवू वा घटवू नये, इतर सत्तांशी परस्पर बोलणी करू नयेत आणि वार्षिक ५ लाख रुपये द्यावेत असे ठरले. हे कलम बारकाईने वाचावे. माधवराव पेशव्यांनी जानोजींचा प्रदेश घेण्यापेक्षा त्यांचा बोलण्याचा अधिकार काढून घेणे अधिक महत्त्वाचे मानले. पटाच्या भाषेत, खेळाडूला पटावर राहू दिले, पण वाटाघाटीच्या खोलीतून बाहेर काढले.

लिहिलेला हुकूम आणि थांबलेली फौज :

नाना फडणीसांनी १७८० मध्ये इंग्रजांविरुद्ध निजाम, हैदरअली आणि नागपूरकर भोसले यांची जूट बांधली. भोसल्यांनी बंगालवर जावे असे ठरले. मुधोजींची फौज कटकपर्यंत गेली आणि वॉरन हेस्टिंग्जकडून पैसा घेऊन थांबली. हुकूम लिहिला गेला होता, सोंगटीही हलली होती, फक्त पाठिंबा पोहोचला नाही. १८०३ मध्ये अडचण वेगळी होती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर येथे यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला होता; त्याला वर्षही लोटले नव्हते. शिंदे व दुसरे रघूजी भोसले इंग्रजांशी लढत असता होळकर बाजूस राहिले. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांकडून गेला व तो निजामास मिळाला. होळकरांनी साथ दिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न पटावर पुन्हा पुन्हा खेळून पाहता येतो. परंतु हडपसरचा डाव आधी न खेळता तो खेळणे म्हणजे कारण वगळून परिणाम तपासणे होय.

वर्गातील उपयोजनाविषयी :

वऱ्हाडचा पट वर्गात मांडावयाचा झाल्यास नियम बदलावे लागतील. प्रत्येक परगण्यात एक सोंगटी न ठेवता महसुलाचे वाटे दर्शविणाऱ्या कवड्या ठेवाव्यात आणि त्या एकाहून अधिक खेळाडूंच्या असू द्याव्यात. भोसल्यांची जागा एका विद्यार्थ्याला न देता दोघातिघांना द्यावी. २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या गोळीने सख्खा भाऊ साबाजी मारला गेला, हे घडण्याची शक्यता नियमांतच असली पाहिजे. खेळाडूंनी समोरासमोर न बोलता वकिलामार्फत पत्रे पाठवावीत आणि पत्र एक फेरी उशिरा पोहोचावे. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांच्यासारख्या माणसाचे महत्त्व या विलंबातूनच कळते. धन्याचा हुकूम येईपर्यंत निर्णय त्यालाच करावा लागे.

आणखी एक उणीव नियमांनी भरून निघणारी नाही. दोन धन्यांना वाटा देणारा कुणबी या कोणत्याच पटावर खेळाडू नाही. दोन्ही बाजूंच्या फौजा ज्या शेतातून गेल्या त्या शेताचे उत्पन्न पुढच्या फेरीत किती धरावे, एवढा तरी हिशेब खेळात असावा. तो विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवावा. त्यासाठीची चर्चा खेळाइतकीच मोलाची ठरेल.

देवगावच्या तहाने वऱ्हाड प्रथमच पटाच्या नियमात बसला : एक प्रांत, एक धनी. हे फार काळ टिकले नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि सार्वभौमत्व निजामाकडे राहिले. १९०२ मध्ये हीच व्यवस्था कायमच्या पट्ट्याच्या स्वरूपात पक्की झाली, आणि १९३६ नंतर निजामाचा वारस 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घेत असताना दिग्रसचा शेतसारा मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या तिजोरीत जमा होत होता.