गुड फ्रायडेला ‘गुड’ का म्हणतात? दुःखातून गौरवाकडे जाणारी ख्रिस्ती वाट

बेळगाव : गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये डोकावलात तर वेगळंच वातावरण दिसतं. घंटा गप्प, वेदी उघडी, त्या दिवशी मिस्साही होत नाही. आणि ईस्टरला तेच चर्च दिव्या-फुलांनी उजळतं. मग शेजारपाजारचे विचारतात, “येशूला मारलं, त्या दिवसाला ‘गुड’ कसं म्हणता हो?”

हा प्रश्न सीमाभागाला नवा नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावात आले. १८५६ मध्ये सेंट पॉल्स हायस्कूल सुरू झालं, तर १९५३ मध्ये कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत झाला. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ‘क्रिस्तपुराणा’तून येशूची कथा मराठी ओव्यांत सांगितली होती.

दुःख म्हणजे शिक्षा का?

आपल्याकडे कुणावर संकट आलं की लोक पटकन म्हणतात, “काय भोग आलाय, मागचं काहीतरी असणार.” योहानाच्या शुभवर्तमानात शिष्यही एका जन्मांधाबद्दल हेच विचारतात : पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू सांगतो, कुणाचंच नाही. आणि त्याला दृष्टी देतो. म्हणजे दुःख चांगलं, ते ओढवून घ्यावं, असं ही शिकवण सांगत नाही. खुद्द येशूनेही अटकेच्या रात्री, शक्य असेल तर हे टळू दे, अशी प्रार्थना केली होती.

मग गौरव कुठून?

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव दुःखाकडे लांबून बघत बसला नाही. तो त्यात उतरला, मरणापर्यंत गेला. म्हणून मरण हा शेवट उरला नाही. येशूने दिलेला दाखला आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल : गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. महत्त्वाचं म्हणजे, पुन्हा उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. गौरवाने जखमा पुसल्या नाहीत. शंका घेणाऱ्या थोमाला त्याच व्रणांवरून खात्री पटली.

रमाबाईंची वाट

आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात १८५८ मध्ये जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली-बायकांना त्यांनी केडगावला आसरा दिला. दुष्काळ काय असतो, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं.

शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये एक शनिवारही असतो, हे विसरून चालत नाही. त्या दिवशी शिष्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं. घरात मयत झालेल्या माणसाला “देवाची इच्छा” म्हणून गप्प करण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून राहणं, हे या शिकवणीला जास्त धरून आहे. आशा सांगायची ती रडणं थांबवायला नव्हे. रडून झाल्यावर उठता यावं, म्हणून.