मेंढरू कधी 'आउट' होत नसतं

लातूरला किंवा सोलापूरला शिकणारे असाल, तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. सुटीला मुरुमला येता, बॅग खाली ठेवता न ठेवता तोच घरात निरोप येऊन बसलेला असतो : 'उद्या संडे स्कूलच्या टीचर न्हाईत. तू कॉलेजला हाईस न्हवं, बारक्या पोरांना एक गोष्ट सांग की.'

रविवारी समोर चार ते सात वर्षांची पंधरा पोरं. जागा चर्चची असेल, नाहीतर कुणाच्या तरी ओसरीची. तुम्ही हरवलेल्या मेंढराची गोष्ट सुरू करता. पाच मिनिटं सगळं छान. सहाव्या मिनिटाला एक जण दुसऱ्याची चप्पल लपवतो, तिसरीला पाणी प्यायचं असतं, आणि तुमच्याच तोंडून ते वाक्य निघतं, ज्याचा लहानपणी तुम्हाला वैताग यायचा : 'हाताची घडी, तोंडावर बोट!'

आता पोरं गप्प बसतात. गोष्ट तेवढी संपलेली असते.

लहान मूल हातापायांनी शिकतं, हे काही आजचं शहाणपण नाही. फ्रोबेलने जर्मनीत 1837 साली खेळातून शिकवणारी बालशाळा काढली. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा फिलाडेल्फियात त्यांनी ही किंडरगार्टनची पद्धत मुद्दाम शिकून घेतली. पुढे याच रमाबाईंनी केडगावात बसून अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. बायबल आणि बालशिक्षण असे दोन्ही धागे एकाच मराठी बाईच्या हातात होते. तिकडे बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवल्या. त्यात बायबल नव्हतं, पण दृष्टी तीच होती. महागड्या खेळण्यांच्या मागे लागू नका, गावात जे पडलंय त्यातूनच शिकवा.

मग काय, खेळ घेतला की झालं? मलाही तसंच वाटलं होतं.

मी एकदा हीच मेंढराची गोष्ट सांगितली आणि लगेच संगीत खुर्ची लावली. एकेक मेंढरू कमी होत जाणार, शेवटी उरेल ते जिंकणार. पोरं खूश, मीही खूश. पहिल्याच फेरीत बाद झालेली सगळ्यांत धाकटी मुलगी मात्र दाराशी चपलांजवळ जाऊन बसली. तिला आणायला कुणी गेलं नाही. मीही नाही. पुढच्या रविवारी ती आलीच नाही. घरी जाताना माझ्या डोक्यात उजेड पडला की, मी गोष्ट एक सांगितली आणि खेळवली नेमकी तिच्या उलट.

लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट आठवा. शंभरातलं एक हरवतं. मेंढपाळ नव्याण्णव मागे ठेवून त्या एकासाठी निघतो. पाच वर्षांच्या पोराला तुम्ही मागाहून सांगितलेलं तात्पर्य कळत नाही, त्याला खेळाचा नियम कळतो. त्याच्यासाठी नियम हीच गोष्ट. नियम म्हणाला 'हरवला तो बाहेर', तर पोर तेवढंच घेऊन घरी जातं.

म्हणून नियम बदला. दोरीचा गोल वाडा करा, सगळी पोरं आत. मेंढपाळ झालेला डोळे मिटतो, एक मेंढरू हळूच जाऊन लपतं. मेंढपाळाने डोळे उघडून ओळखायचं, कोण नाही? मग शोधायला निघायचं. लपलेल्याने मधूनमधून 'बॅंऽऽ' करायचं. गोष्टीत तो मेंढरू खांद्यावर घेतो, आपण हात धरून आणायचं (खांद्यावर घ्यायला लावलंत तर दोघंही पडतील). आणलं की सगळ्यांनी ओरडा करायचा, चिमूट चिमूट चुरमुरे वाटायचे, कारण गोष्टीतही तो शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. सापडलेला पुढचा मेंढपाळ. आपल्याकडे लपंडावात 'लिंबू-टिंबू' असतो ना, ज्याच्यावर कधी राज्य येत नाही? इथे त्यालाच सगळ्यांत आधी हरवू द्या. बघा त्याचा चेहरा.

पेरणाऱ्याचा दाखला तर आपल्या भागासाठीच सांगितल्यासारखा आहे. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. खडकाळ म्हणजे काय, हे शहरातल्या टीचरला चित्र काढून दाखवावं लागेल. आपल्या पोरांना 'मुरमाड रान' म्हटलं की पुरे. पहिल्या पावसात तरारतं, आठ दिवस उघडीप पडली की माना टाकतं. अंगणात चार चौकोन आखा. पोरं म्हणजे बी. मुरमाच्या चौकोनात टुणकन उभं राहायचं आणि ऊन म्हटलं की वाकून खाली बसायचं. काळ्या रानात हळू, अगदी हळू उठायचं. मात्र प्रत्येक पोर चारही चौकोनांत फिरलं पाहिजे. एकाच पोराला तासभर मुरमावर ठेवू नका. मी संगीत खुर्चीत केली तीच चूक होईल.

यरीहोच्या भिंतीला खोकी रचा. यहोशवाची माणसं सहा दिवस रोज एक आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या मारतात, आणि सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत. तुम्ही सातच घ्या, एकाला पिपाणी द्या. मुकाट चालून शेवटी जोरात ओरडायला मिळणं, यासारखं सुख त्या वयात दुसरं नसतं. गल्याथ मात्र कुणा पोराला करू नका. जाड्या किंवा उंच पोराच्याच वाट्याला तो येतो आणि नाव वर्षभर चिकटतं. सहा हात एक वीत उंची होती त्याची, म्हणजे साधारण साडेनऊ फूट. खडूने जमिनीवर आखा आणि पोरांना त्याच्या शेजारी ओळीने झोपवून मोजू द्या. गोफण कुणाला समजावायला लागणार नाही, ज्वारीच्या रानात सगळ्यांनी पाहिलेली असते. खरे खडे तेवढे देऊ नका, कागदाचे बोळे करा.

अजून एक, आणि हे नाजूक आहे. अंगणात खेळ सुरू झाला की गल्लीतली सगळीच पोरं जमतात, ती काही सगळी चर्चला येणाऱ्या घरांतली नसतात. लपंडाव सगळ्यांचा आहे. पण त्यातून तुम्ही एका धर्माची गोष्ट सांगताय, तर त्यांच्या आईवडिलांना ते आधी माहीत हवं. जाऊन सांगा, विचारा. नको म्हणाले तर त्या पोरांशी संध्याकाळी लगोरी खेळा. बालसंस्कार वर्ग घेणाऱ्यांना आणि एनएसएसच्या कॅम्पमध्ये पोरं गोळा करणाऱ्यांनाही हेच लागू.

रोममध्ये सोफिया कावालेत्ती यांनी 1954 पासून लहान मुलांसोबत असंच काम केलं. मेंढपाळ आणि मेंढरांच्या लाकडी बाहुल्या मुलांच्याच हातात द्यायच्या आणि आपण बाजूला बसायचं. आपल्याकडे पोळ्याला मातीचे बैल करणारे हात घरोघर आहेत, मेंढरं काय अवघड!

वेळ वीस मिनिटं ठेवा, उन्हाच्या आत आटपा. आणि पुढच्या रविवारी नवी गोष्ट शोधत बसू नका. पोरं 'परत तेच' म्हणतील, तेच घ्या. वाटेत त्या चपलांजवळ बसणारीच्या घरावरून जा आणि 'चल गं, आज तू हरवायचंस' म्हणून हाक मारा.